बाबांच्या नंबरावर थांबलेली दुर्बीण

मित्रांनो, माझं वय विचारू नका. माझ्या गळ्यातल्या पट्ट्याला पडलेल्या भेगा बघा आणि काय तो अंदाज बांधा. मी दुर्बीण आहे, दोन डोळ्यांची. शहाणी माणसं मला बायनॉक्युलर म्हणतात. दोन डोळ्यांची म्हणते खरी, पण माझा डावा डोळा आता गेलेला आहे. तो कसा गेला, तेच सांगायला बसले आहे. मी कुणाच्या हातून पडले नाही. मला कुणी आपटलं नाही, पाण्यात विसरलं नाही. उलट मला जपलं हो, फार जपलं. त्या जपण्यानेच घात केला.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथल्या खिडक्या कधी उघडत नसत, कारण धुळीचा एक कण आत शिरला की तो आमचा जन्माचा डाग. डोक्याला पांढरी टोपी बांधलेल्या बाया रांगेने बसून काचा घासायच्या, उजेडाकडे धरायच्या आणि नाक मुरडून पुन्हा घासायच्या. माझ्या पोटात काचेचे लोलक बसवले. ते नसते, तर तुम्हाला माझ्यातून सगळं जग डोक्यावर उभं राहिलेलं दिसलं असतं. मग मला तीन गोष्टी दिल्या, त्या नीट लक्षात ठेवा. मधोमध एक बिजागरी, म्हणजे ज्याचे डोळे एकमेकांपासून जितके लांब, तितकं मला उघडता-मिटता यावं. एक चाक, ते फिरवलं की धुरकट असलेलं स्पष्ट होतं. आणि उजव्या नळीवर एक फिरतं कडं, कारण माणसाचे दोन डोळे सख्खे भाऊ असले तरी सारखे नसतात. एकाला जरा जास्त दिसतं, एकाला जरा कमी. या तिन्ही गोष्टी जो आपल्या डोळ्यांप्रमाणे लावून घेईल, त्याची मी. दुसऱ्याने हातात घेतली की दुसऱ्याची. यात माझा काही बेइमानपणा नाही, मला घडवलंच तसं आहे.

कारखान्यातून मी आले ती एका चष्म्याच्या दुकानात. दुकानदाराला सगळे चष्मेवाले काका म्हणत. त्यांच्या स्वतःच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, त्यावरून गिऱ्हाइकं त्यांची थट्टा करायची. मी काचेच्या कपाटात मागच्या फळीवर, आणि माझ्यापुढे एक लांब, पांढराशुभ्र टेलिस्कोप तीन बारीक पायांवर मिरवत उभा. त्याच्या खोक्यावर शनी ग्रहाचं रंगीत चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत छापलेलं होतं, ‘पाचशे पट!’ जो येई तो त्याच्यापुढे थांबे. माझ्याकडे कोण बघतंय? नाव मोठं आणि लक्षण खोटं, हे मला शेजारी राहून कळलं होतं, पण मला विचारतो कोण!

एका संध्याकाळी एक जोडपं आत आलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतींमध्ये लिफ्टच्या काळोख्या चौकोनी बोगद्यात तारा आणि वंगण यांच्यात उभं राहायचं आणि मान वर करून बघायचं, हे त्याचं काम. वस्तीतली मुलं त्याला लिफ्टकाका म्हणत. त्याची बायको ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची. तिच्या बोटांना कायम डिंकाचा वास, म्हणून ती डिंकमावशी. मीही त्यांना याच नावांनी ओळखते.

“दिवसभर वर बघतो, पण वर काय दिसतं? छप्पर,” लिफ्टकाका म्हणाला. “म्हटलं, एकदा छप्पर नसलेलं काहीतरी बघावं. तो पाचशेवाला द्या.”

“देतो की,” चष्मेवाले काका म्हणाले. “पण आधी बघा तर खरं. समोर टायरवाल्याची पाटी आहे ना, ती वाचून दाखवा.”

लिफ्टकाकाने चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून डोळा लावला. “उलटी दिसतेय.”

“तारे उलटे दिसले तर कुणाचं काही बिघडत नाही. वाचा तुम्ही.”

तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक गेला. “अहो, पाटी नाचतेय!”

“पाटी नाही, याचे पाय नाचताहेत. जास्त पट म्हणजे नाचही जास्त. एवढ्याशा काचेला पाचशे पट झेपत नाही हो. खोक्यावर छापायला काय, नुसती शाई लागते.”

डिंकमावशीने कपाटात वाकून बघितलं. “आणि ती मागे बसलीय ती?” मित्रांनो, ‘ती मागे बसलीय ती’ म्हणजे मी. माझ्याबद्दल कुणी विचारल्याची ती पहिलीच वेळ.

“ही सात बाय पन्नास,” काकांनी मला बाहेर काढलं. “सात म्हणजे सातपट जवळ दिसतं. पन्नास म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. आकाश बघायचं तर हा दुसरा आकडा बघायचा, तोंड मोठं तर उजेड जास्त आत येतो. पहिला आकडा दहाच्या वर नको, हातात धरून बघताना थरथर होते.”

“सातच पट?” लिफ्टकाकाचा चेहरा पडला.

“टेलिस्कोप म्हणजे कुलपाच्या भोकातून घर बघणं. ही म्हणजे खिडकी उघडणं. आधी खिडकीतून घराची ओळख करून घ्या. मग पुढे कधीतरी टेलिस्कोप घ्या, पण हा असला नको. बुटका, जड बुडाचा, टेबलावर ठेवता येईल आणि काखेत मारून नेता येईल असा घ्या.”

डिंकमावशीने मला डोळ्यांना लावलं, चाक फिरवलं आणि टायरवाल्याची पाटी घडाघडा वाचली. खाली लिहिलेला उधारी बंदचा इशारासुद्धा वाचला. “अहो, देवाने डोळे दोन दिलेत ना? मग एक मिटून कशाला बघायचं? हीच घ्या.”

अशी मी त्यांच्या घरी आले.

घर म्हणजे दोन खोल्या आणि वर सगळ्यांची गच्ची. गच्चीवर पाण्याची टाकी, कपडे वाळवायच्या तारा आणि लिफ्टच्या यंत्राची कुलूपबंद खोली. दिवेलागण झाली की लिफ्टकाका मला गळ्यात अडकवून वर जायचा. पहिल्या दिवशी उभ्याने बघायला गेला तर चंद्र लटलट हलायला लागला. मग त्याने टाकीच्या कठड्यावर दोन्ही कोपरं टेकवली, आणि पुढे तर चटई टाकून सरळ उताणाच पडायचा. चंद्रावरचे खड्डे त्याला कडेकडेने दिसले, तेव्हा तो लहान मुलासारखा ओरडला. कृत्तिकांचे सहा-सात तारे माझ्यातून पाहिले तर मूठभर मोहरी सांडल्यासारखे झाले. गुरूच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके दिसले, ते त्याचे चंद्र असल्याचं कळल्यावर त्याला दोन घास कमी गेले. मी सातच पट दाखवते म्हणून त्याचा चेहरा पडला होता, हे तो विसरून गेला. मी मात्र विसरले नाही. कौतुक झालं की आठवतंच.

आता त्याची एक खोड सांगते. त्याच्या चष्म्याचा नंबर भारी होता, आणि उजव्या डोळ्याचा डाव्याहून वेगळा. माझ्यातून बघताना तो चष्मा काढून खिशात ठेवायचा आणि चाक पार एका टोकाला न्यायचा, कडं अर्धं फिरवायचा. त्याच्यासाठी मी तशी लावली की मावशीला माझ्यातून फक्त धूर दिसायचा. मग ती आपल्या डोळ्यांप्रमाणे फिरवायची. मग पुन्हा त्याची पाळी आली की भांडण सुरू.

“पुन्हा फिरवलंस का गं?”

“मग काय, तुमच्या डोळ्यांनी बघू? बाई बाई, काय हे! चंद्र आहे की कापसाचं बोंड? तुम्हाला असं दिसतं?”

“मला असंच दिसतं. म्हणून तर तुझ्याशी लग्न केलं.”

मग ती त्याला चापट मारायची आणि दोघं हसायची. हे भांडण रोजचं होतं. त्यातला शब्द बदलायचा नाही आणि हसूही आटायचं नाही.

त्यांना एक मुलगी झाली. ती एका जागी क्षणभर ठरायची नाही, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. मुंगी चारेक वर्षांची झाल्यावर लिफ्टकाकाने माझी बिजागरी मिटवत मिटवत अगदी जवळ आणली, कारण तिचे डोळे ते केवढे! आणि चटईवर आडवं पडून तो तिला सांगायचा, “काळ्या कागदाला टाचणीने टोचलं आणि मागे दिवा धरला, की कसं दिसेल? तसे तारे दिसतात बघ. बारीक. टोकदार.”

“बाबा, शनीची कडी दाखव.”

“ती हिच्यातून नाही दिसायची. त्याला टेलिस्कोप लागतो. आधी हिच्यातून आकाश पाठ कर. कुठला तारा कुठे राहतो, सगळं. मग आपण तिघं जाऊन बुटका टेलिस्कोप आणू.”

मुंगीने मान हलवली आणि लगेच टाकीवर चढायला पळाली. तिला काय ठाऊक, ती गोष्ट किती लांबणार होती.

लिफ्टकाका एका सकाळी डबा घेऊन कामावर गेला आणि परत आला नाही. छातीत कळ आली, लोकांनी दवाखान्यात नेलं, आणि संपलं. आदल्या संध्याकाळी तो गच्चीवर एकटाच गेला होता, मला त्याच्या डोळ्यांप्रमाणे लावून. उतरल्यावर त्याने मला खुंटीला अडकवलं होतं. तशीच मी खुंटीला होते. घरात माणसं येत होती, जात होती, रडत होती, आणि मी भिंतीला पाठ टेकून बघत होते.

माणसं पांगल्यावर डिंकमावशीने मला खुंटीवरून काढलं. खिडकीशी जाऊन डोळ्यांना लावलं. तिला नुसता धूर दिसला. सवयीने तिचं बोट चाकावर गेलं आणि तिथेच थांबलं. तिच्या लक्षात आलं, हे चाक जिथे आहे तिथे त्याच्या बोटांनी ठेवलेलं आहे. तिने हात असा मागे घेतला, जणू तवाच लागला. मग तिने ग्रंथालयाच्या पिशवीतून पुस्तकांच्या पाठीला लावायची कापडी चिकटपट्टी काढली. चाकावर, कड्यावर, बिजागरीवर गुंडाळून तिन्ही पक्की बांधून टाकली. पट्टी लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, एक सुरकुती म्हणून आली नाही.

“हा त्यांचा डोळा आहे,” ती मुंगीला म्हणाली. “बघायचं तर बघ. पण फिरवायचं नाही. शपथ आहे तुला माझी.”

मग त्याच्या मफलरमध्ये मला गुंडाळलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड बांधलं, आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं.

कधीतरी, घरात कुणी नसताना, ती मला काढायची. खिडकीतून चंद्राकडे बघायची. कापसाचं बोंड. ती तेच बघत बसायची आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या डोळ्यांच्या वाट्यांत उतरायचं. “तुम्हाला असं दिसायचं,” ती हळूच म्हणायची. ते पाणी न पुसता ती मला पुन्हा पिशवीत बांधायची. मित्रांनो, मला जीभ असती तर मी तेव्हाच ओरडून सांगितलं असतं. पण मला आहेत फक्त डोळे, आणि तेही दुसऱ्यासाठी.

वर्षं गेली. बंद पिशवीतल्या ओलीने हळूहळू काय केलं, ते बाहेरून दिसण्यासारखं नव्हतं. काचेलाही बुरशी लागते, हे तुम्हाला खोटं वाटेल. माझ्या डाव्या नळीत आधी एक पांढरा धागा उगवला, मग त्याला फाटे फुटले, मग कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरत गेलं. उजवीकडेही सुरुवात झाली होती. पुस्तक कपाटात कोंडलं की त्याला कसर लागते, हाताळलं की ते जगतं, असं हीच मावशी ग्रंथालयात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मुंगी आता चौदा-पंधरा वर्षांची झाली होती. शाळेत ग्रहताऱ्यांचा धडा आला आणि तिने हट्टाने मला मागून घेतलं. मावशीने दिलं, पण शपथेची आठवण करून. मुंगी गच्चीवर गेली, बाबांसारखी उताणी पडली आणि माझ्यातून बघितलं. एका चंद्राचे दोन चंद्र, दोन्ही धुरकट. कृत्तिकांच्या जागी एक मळकट डाग. ती खूप वेळ बघत राहिली. मग तिने मला छातीवर ठेवलं आणि डोळे चोळले.

“बाबांना केवढं दिसायचं,” ती खाली आल्यावर म्हणाली. “मला नाही दिसत. माझ्या नशिबात ते नाहीच.”

चूक माझी नव्हती, तिची तर मुळीच नव्हती. पण पोरीने ती स्वतःच्या माथी घेतली, आणि मला फार वाईट वाटलं.

मुंगीचा मामा भिंती रंगवायचं काम करायचा. तोंडाने उदार, मनाने त्याहून उदार. भाचीचं तोंड उतरलेलं बघून तो एक लांबडं खोकं खांद्यावर घेऊन हजर झाला. “हे घे! पाचशे पट! आता शनी काय, शनीच्या सासरची माणसं पण दिसतील.”

मला खोक्यावरचं चित्र बघूनच कळलं, हे माझ्या जुन्या शेजाऱ्याचं भावंड. मामाने त्याचे काटकुळे पाय गच्चीवर उभे केले. वारा आला, चंद्र पळाला. मामाने चंद्राला पकडलं, स्क्रू आवळला, चंद्र पुन्हा पळाला. “अरे थांब की लेका!” मामा चंद्रावर खेकसला. मुंगी डोळा लावून लावून थकली. नव्याचे नऊ दिवससुद्धा झाले नाहीत. तो टेलिस्कोप दाराआड उभा राहिला आणि त्याच्यावर ओले टॉवेल वाळायला लागले. मुंगीने गच्चीवर जायचंच सोडलं. संध्याकाळी ती खिडकीकडे पाठ करून बसायची.

मामाला चैन पडेना. एका रविवारी तो म्हणाला, “चल, हे ध्यान बदलून आणू.” निघताना मुंगीने गुपचूप मलाही पिशवीत घातलं.

चष्मेवाले काका म्हातारे झाले होते. चष्म्याची काडी अजून दोऱ्यानेच बांधलेली होती. त्यांनी टेलिस्कोपकडे बघून नुसता सुस्कारा सोडला आणि कपाटातून दुसरा काढला. बुटका, जड, उखळासारखा. “हा घे बाळ. टेबलावर ठेव, स्टुलावर ठेव, जागचा हलणार नाही. शनीची कडी दिसेल, बारीक का होईना, पण खरी.”

मुंगीने त्याला हात लावला आणि मागे घेतला. “मला आधी हिच्यातून आकाश पाठ करायचंय. बाबांनी सांगितलं होतं. पण मला हिच्यातून दिसतच नाही.” तिने मला टेबलावर ठेवलं.

काकांनी मला ओळखलं. मग ती पट्टी बघितली. मग मला उलटं धरून दिव्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मुंगीने सगळं सांगितलं, शपथेसकट.

“तुझे डोळे चांगले आहेत, बाळ,” काका म्हणाले. “ही तुझ्या बाबांच्या नंबराला बांधलेली आहे. त्यांचा चष्मा घालून तुला वाचता येईल का? तसंच हे. ते एक झालं. आत बुरशी आहे, ती काचेला खातेय. उघडून साफ करावी लागेल. पण उघडायचं तर हे सगळं फिरवावं लागेल, बाबांचा नंबर राहणार नाही. तुझ्या आईने हो म्हटल्याशिवाय मी पट्टीला नख लावणार नाही. पण तिला सांग, उशीर करू नका.” तो बुटका टेलिस्कोप त्यांनी बाजूला काढून ठेवला. “आकाश पाठ झालं की ये. कुणाला देत नाही.”

घरी मावशीने ऐकलं आणि मला हातातून ओढूनच घेतलं. “नाही. आंधळी होऊ दे. फिरवायची नाही.”

“अगं ताई,” मामा म्हणाला, “एवढं काय? चाक कुठे आहे तिथे रंगाचा ठिपका देतो. साफ झाली की परत ठिपक्यावर आणून ठेव.”

“ठिपका?” मावशीचा आवाज फाटला. “त्यांचा हात आहे रे तो तिथे. त्यांचा हात काढू आणि तिथे तुझा ठिपका ठेवू?”

मामाने चपला पायात सरकवल्या. तो रंगवायच्या कामाचा माणूस, त्याला ठिपक्याचं वाईट वाटलं असेल. मी पुन्हा मफलरमध्ये, पुन्हा पिशवीत. एक पावसाळा तसाच गेला. तेवढा वेळ बुरशीला पुष्कळ झाला.

पावसाळ्यानंतर आकाश धुतल्यासारखं झालं. एके दिवशी तिन्हीसांजेला मावशी मला घेऊन खिडकीशी बसली होती. मुंगी आत आली, तर आई रडतेय. मावशीने मला तिच्यापुढे केलं. “बघ, त्यांना असा दिसायचा चंद्र. कापसाच्या बोंडासारखा.”

“कोण म्हणालं?”

“तेच म्हणायचे. मला असंच दिसतं म्हणायचे.”

मुंगी जमिनीवर तिच्यासमोर बसली. “आई, ते तुझी चेष्टा करायचे. मला ते काय सांगायचे, आठवतंय? काळ्या कागदाला टाचणीने टोचावं तसे तारे. बारीक, टोकदार. कापूस कधीच नाही म्हणाले. बाबांना स्पष्ट दिसायचं गं, त्यासाठीच तर ते चाक तिथे न्यायचे. धुरकट दिसतं ते आपल्याला. तू जे इतकी वर्षं जपून बघतेस ना, ते बाबांनी कधी बघितलंच नाही.”

मावशीने मला खाली ठेवलं. मग उठली, दिवा लावला, ताटं घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने इस्त्री जेमतेम कोमट केली, चाकूचं पातं त्यावर टेकवलं आणि माझ्या पट्टीच्या कडेखाली हळूच सरकवलं. जुन्या पुस्तकाची चुकीची लागलेली पट्टी ती अशीच सोडवायची, पान न फाडता. डिंकाचा शेवटचा डागही तिने पुसला. पण चाकाला बोट लावलं नाही. मफलरमध्ये धरून तिने मला दुकानात नेलं आणि काकांपुढे ठेवलं.

काकांनी हात मागे घेतले. “मी नाही फिरवणार, वहिनी. तुम्ही फिरवा.”

दुकानात मुंगी होती, मामा होता. मावशीने चाकावर बोट ठेवलं. चाक कुरकुरलं, अडलं, मग फिरलं. मित्रांनो, लिफ्टकाकाचा हात माझ्यावरून त्या क्षणी निघाला. इतकी वर्षं तो कुणी काढावा म्हणून मी तळमळत होते, आणि निघाला तेव्हा मलाच पोरकं झाल्यासारखं वाटलं.

काकांनी मला उघडलं, धुतलं, पुसलं, जमेल ते सगळं केलं. उजवी नळी वाचली. डावीची काच बुरशीने खाऊन टाकली होती. “मागच्या खेपेलाच आणली असती तर...” ते बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. पण मावशीने ऐकलं होतं. ती खाली मान घालून पट्ट्याच्या भेगांवरून बोट फिरवत राहिली. काकांनी डाव्या भिंगावर काळं टोपण बसवून दिलं.

त्याच संध्याकाळी मायलेकी गच्चीवर गेल्या. तीच टाकी, त्याच तारा. मुंगीने चटई टाकली. मावशीने एक डोळा मिटला. दोन डोळे असताना एक मिटून कशाला बघायचं म्हणणारी ती, एक डोळा मिटून माझ्यातून बघायला लागली. चाक हळूहळू फिरवत गेली. एका ताऱ्याच्या जागचा धुराचा गोळा लहान झाला, आणखी लहान झाला, आणि अचानक टोचला.

“टाचणी,” ती म्हणाली.

तिने मला खाली घेतलं आणि पुन्हा डोळ्याला लावलं. “त्यांना असं दिसायचं?” ती म्हणाली. “असं दिसत होतं, आणि मी त्यांच्या नावाने धूर बघत बसले. पोरीलाही धूरच दाखवला.” तिने मुंगीला जवळ ओढलं आणि मोठ्याने रडली. त्याच्या जाण्यानंतर इतकं मोठ्याने ती प्रथमच रडत असावी. निदान माझ्यासमोर तरी.

बऱ्याच वेळाने मुंगीने मला घेतलं. आडवी पडली आणि चाक आपल्या डोळ्याला लावून घेतलं. मग ती बोट दाखवून एकेक तारा सांगायला लागली, हा कुठे राहतो, तो कुठे राहतो. मावशीने डोळे पुसले, हात पुढे केला, मला पुन्हा घेतलं, डोळ्याला लावलं. धुरकट.

“पुन्हा फिरवलंस का गं?” ती म्हणाली.

“मग काय, तुझ्या डोळ्यांनी बघू?” मुंगी म्हणाली.

मावशीने माझं चाक धरलं होतं, ते तसंच धरून ठेवलं. मग तिने ते आपल्यासाठी फिरवलं, बघितलं, आणि मला मुंगीच्या हातात दिलं. मुंगीने फिरवलं. पुन्हा मावशीने. मध्यरात्र होईपर्यंत मी एकीकडून दुसरीकडे जात राहिले.

बुटका टेलिस्कोप अजून दुकानातच आहे. मुंगीचं आकाश पाठ व्हायला वेळ लागतोय, एका डोळ्यातून उजेड अर्धाच येतो. कृत्तिका आता पूर्वीइतक्या सांडत नाहीत. ते काही भरून यायचं नाही, आणि मी तसं खोटं सांगणारही नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच ऐका. तुमच्या घरी कुणा गेलेल्या माणसाची वस्तू असेल, तर ती पुसा, कोरडी ठेवा, पण बांधून ठेवू नका. तिला हात लावा. आपल्या मापाने फिरवा. ज्याने ती आणली होती, त्याने ती वापरायलाच आणली होती.